ताईची लाल काच

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकेल तेवढाच). तुझी कंबर काय म्हणते? भाओजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे, फक्त दिवा सोडून.

लग्न होऊन जाताना तू कंदिलाची लाल काच ट्रंकेत घालून नेलीस, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण निवृत्त झाल्यापासून फोटोचा कागद पुन्हा घरीच बनवायला घेतलाय, आणि ती काच पदोपदी आठवते. कागदावर चांदीचा लेप फासायचा तो लाल उजेडातच, साधा उजेड लागला की कागद कामातून गेला, हे तूच शिकवलंस. म्हणून मी आधी साध्या बल्बला सौ.चं नेलपॉलिश फासलं. बल्ब तापला, नेलपॉलिश करपलं, आणि वास कसला येतोय म्हणून शेजारच्यांनी माझ्या माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीचं दार सताड उघडलं (चौकशी आपुलकीची होती, पण बारा कागद गेले). मग बल्बला लाल कापड गुंडाळलं. त्याच्या विणीतून उजेड झिरपतो, हे नाण्याने सांगितलं. आठवते ना तुझी परीक्षा? लेप दिलेल्या कागदावर नाणं ठेवायचं, दिव्याखाली थांबायचं, मग कागद रसायनात बुडवायचा. नाण्याची जागा पांढरी आणि भोवताल करडा झाला, की दिवा दगाबाज. माझ्या कागदावर पौर्णिमा उगवली. एवढी वर्षं नोकरी केली पण एक दिवा धड लावता येत नाही, असं सौ.चं मत पडलं.

रिकामा डबा शोधताना आपल्या पहिल्या परीक्षेचा कागद सापडला. तेव्हा नाणं मिळेना म्हणून तू हाताचा पंजाच ठेवला होतास. दिवा दगाबाज होता (लाल काच नंतर मिळाली), म्हणून तो पंजा अजून आहे: अकरा वर्षांचा, करंगळी वाकडी. मी त्यावर हात ठेवून पाहिला. माझा मोठा निघाला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. ताई, तुझी फार आठवण येते.

तर काच तेवढी पाठव.

तुझा,
धाकटा

ता.क. : कुरियरने नको, फुटेल. स्वतः घेऊन ये.

ता.क. २ : सौ.ने पत्र वाचलं आणि म्हणाली, "खरं काय ते लिहा." खरं असं, की दुकानदाराने गेल्याच आठवड्यात चांगला लाल बल्ब दिला. नाणं ठेवून पाहिलं, काही उमटलं नाही. पण नुसतं ये म्हटलं की सहा वर्षं तू "बघू" म्हणतेस, आणि कुणाचं काही अडलं की मात्र लगेच निघतेस.

ता.क. ३ : तू आलीस की तो बल्ब काढून कापडाचाच लावीन. चांगल्या दिव्याखाली पंजा उमटत नाही.