खालच्या वाळूतली मेणबत्ती

३ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! दवाखाना चकचकीत, खिडकीखाली मोरावा नदी. डॉक्टरीण ल्युबिंका म्हणाली, स्तामेनाआजी, रोज काय वाटतं ते लिहा. म्हटलं, माझ्या चारच यत्ता झाल्यात, चुका काढत बसू नकोस. शेजारच्या खाटेवर विदोसावा. तिनं विचारलं, आलुबुखाराची दारू ढोसून लिव्हर जाळलंस ना? म्हटलं, तू काय पाण्यानं जाळलंस? दुपारी नळीतून नव्या पेशी सोडल्या. त्या धरल्या तर उन्हाळा बघेन, नाहीतर नाही.

७ मार्च, शुक्रवार
धरल्या! डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. कोबीचं सार दोनदा मागून खाल्लं. पेशी कुणाच्या, ते मात्र कळेना. विदोसावा म्हणाली, मेलेल्याच्याच असणार. जिवंत माणूस साधी सुई देत नाही, लिव्हर देईल होय? पटलं. मी कुणाचं फुकट ठेवत नाही. उद्या शनिवार, मेलेल्यांचा वार.

८ मार्च
मेलेल्यांच्या नावानं देवळात नेतात तसे स्वयंपाकिणीकडून गहू उकडून घेतले, साखर घातली. देवळात पाद्री तिहोमिरनं मेलेल्यांच्या प्रार्थनेत वाचायला नाव विचारलं. म्हटलं, स्तामेनाच्या पोटात ज्याचं लिव्हर आहे तो, असं वाच. वाचलं त्यानं. मेणबत्त्या लावायला वाळूचे दोन कप्पे असतात, मी खालच्या वाळूत खोचली. वरची वाळू जित्यांची, खालची मेलेल्यांची. बरं वाटलं.

१० मार्च
मेणबत्तीचं सांगितलं, तर डॉक्टरीण पोट धरून हसली. म्हणाली, आजी, कुणी मेलेलं नाही हो! गेल्या वर्षी तुमच्या दंडाच्या कातडीचा तुकडा काढला, त्याच्यापासूनच या पेशी वाढवल्या. सांगितलं होतं, तुम्ही ऐकाल तर ना. तुमचंच तुम्हाला दिलंय.
सगळे हसले. विदोसावा मात्र म्हणाली, म्हणजे शनिवारी मेलेल्यांत तुलाच वाचलं, छातीवर क्रूस काढला आणि खाट भिंतीकडे सरकवली.

११ मार्च
पायाची बोटं बधिर. डॉक्टरीण म्हणते, लिव्हर अगदी तरण्या पोरीसारखं. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही.

१३ मार्च
कमरेपर्यंत बधिर. पाय चालतात, पण माझे वाटत नाहीत. वरच्या वाळूत माझ्या नावानं मेणबत्ती लावायला गेले. काडी बोटापर्यंत जळली, कळलंच नाही. वात पेटेना. पाद्र्याला हाक मारली — तो झाडत झाडत पुढं गेला.

१४ मार्च — की १५
जेवण आलं नाही. नर्सनं चादर ओढून नेली. मी वर बसलेली असताना —
विदोसावानं उशीखालची बाटली काढली. पहिला घोट जमिनीवर सांडला, गेलेल्यांसाठी सांडतात तसा. म्हणाली, देवा, स्तामेनाला क्षमा कर, तोंडाळ होती, पण —
अगं भवाने, इथंच आहे मी, इकडं बघ, ही मी —