कच्चा कान

बाबा, काल मी एका पोरीला खोटं सांगितलं, आणि तेही तुमच्याच शब्दांत. धाकट्या भावाची नात, कॉलेजात जाते. दोन इलेक्ट्रिक गिटारींतली कुठली घ्यावी म्हणून महिनाभर घोळ घालतेय. कंपन्या वेगळ्या, पण आकार सारखा, तारा सारख्या, किंमतही जवळपास तीच. तिने दोन्हींचा आवाज मला मोबाइलवर ऐकवला आणि म्हणाली, "आजी, तू वाजवायचीस ना? सांग ना, कुठली भारी?" पहिल्या चार सुरांतच मला कळलं होतं. तरी मी म्हणाले, "मला नको विचारू गं, माझा कान कच्चा आहे." ती गेली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एक चांगलं पातेलं ओट्यावर आपटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, तरी तुमचा राग आला की मला अजून भांडी आपटावी लागतात.

तुमचा कान म्हणजे अख्ख्या कारखान्यात दाखला द्यायची गोष्ट. भट्टीवरून ओतून आलेला लोखंडी भाग तुम्ही दोरीला टांगायचात, लहान हातोडीने एक टोला द्यायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. ठण्ण वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी भेग आहे, मग वरून तो कितीही गुळगुळीत दिसो. इंजिनिअर साहेब कागद घेऊन उभे, आणि निकाल तुमचा. घरीही तेच. अंबरनाथच्या बाजारात तुम्ही मडक्यांवर टिचक्या मारत बसायचात आणि कुंभारीण करवादायची, "आता घ्या की दादा, किती वाजवाल, फुटंल ते!" कपबशा, कलिंगडं, देवाची घंटा, आपल्या घरात वाजवून घेतल्याशिवाय काही आलं नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! म्हणूनच तर तुम्ही बोललात ते मी मुकाट्याने खरं मानलं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं, मी सतरा वर्षांची होते. कारखान्याच्या क्लबातली जुनी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत मी तीन वर्षं शिकले होते. रेडिओवर वाजवण्यासाठी चाचणीला या, असं पत्र आलं आणि तुम्ही अभिमानाने ते सगळ्या आळीला दाखवलंत. मग स्वतःची गिटार घ्यायची ठरली, तीही विजेवर चालणारी. एकाच आठवड्यात दोन गिटारी पसंतीसाठी घरी आल्या. एक मुंबईच्या दुकानातून, कलकत्त्याच्या बनावटीची, कपाळावर पितळी अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव. दुसरी उल्हासनगरची, म्हणजे तेव्हाच्या आपल्या बोलण्यात कॅम्पातली. क्लबाचा रेडिओ दुरुस्त करायला येणारे एक वयस्कर सिंधी कारागीर होते. कराचीला असताना ते वाद्यं बनवत. फाळणीनंतर इथे निर्वासितांच्या बराकीत राहत होते, आणि बराकीच्याच एका मोडक्या सागवानी दाराची त्यांनी ही गिटार केली होती. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

रविवारची सकाळ आहे. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडतेय, तुमच्याच हुकमावरून. आई मागच्या पडवीत धुणं धुतेय. बाहेरच्या खोलीत तुम्ही गिटारीची वायर आपल्या रेडिओच्या मागे खोचता, एक तार छेडता, वायर काढता, दुसरीला खोचता, तीच तार, तेवढाच टोला. "बोल, कुठली चांगली, पहिली का दुसरी?" तुम्ही दरवेळी क्रम बदलताय, हे मला कळतंय. दोन्ही गिटारी चांगल्याच होत्या, बाबा, कलकत्त्याच्या गिटारीला मी उगाच नावं ठेवणार नाही. तिचा सूर स्वच्छ होता, पण उमटला की लगेच बसायचा. सागवानी गिटारीचा सूर मात्र लांबत जायचा, आपण श्वास सोडला तरी तो असायचाच. मी पाच वेळा उत्तर दिलं आणि पाचही वेळा तीच निवडली. तुम्ही उठून मागे पडवीत गेलात आणि आईशी काहीतरी कुजबुजून परत आलात.

तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधले साहेब आले. त्यांनी दोन्ही गिटारी पाहिल्या, बिननावाची उलटीपालटी केली आणि हसले. "हा कॅम्पातला माल का? अहो, तुमच्यासारखा पारखी माणूस आणि घरात डुप्लिकेट?" तुम्ही म्हणालात, "छे हो, कुणीतरी ठेवायला दिलीय." ठेवायला दिलीय! साहेब चहा पिऊन गेले, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "लांबणारा सूर म्हणजे चांगला सूर नव्हे. तुझा कान कच्चा आहे अजून." मी तांदूळ निवडायचं सूप घेऊन दारात उभी होते. माझे कान तापले, पण मी परत आत जाऊन तांदूळ निवडायला बसले, कारण आपल्या घरात तुमच्या कानाच्या वर अपील नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कारागीर आले. धुतलेला सदरा, नखांत लाकडाचा भुसा. उंबऱ्यातूनच विचारलं, "साईं, बेटी को पसंद आयी?" तुम्ही म्हणालात, "नहीं जी, उसको दूसरी पसंद आयी." मला पसंत पडली म्हणे! ते एवढंच म्हणाले, "कोई बात नहीं साईं, बच्ची का दिल है." गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि बगलेत धरून स्टेशनकडे चालू लागले.

चाचणीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कलकत्त्याच्या गिटारीवर एका सुरावरून दुसऱ्यावर कांडी घसरवत न्यायची, तर अर्ध्या वाटेतच आवाज विझायचा. काचेपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, मींड तुटते तुमची." घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हटलं नव्हतं?" त्यानंतर मी गिटारीला हात लावला नाही. लग्नात सासरी नेली नाही. पुढे मुलींनी गाण्याच्या क्लासचं विचारलं तेव्हासुद्धा, आपल्याला काय कळतंय, म्हणून मी गप्प राहिले.

आणि मग तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी, मटार सोलता सोलता आई सहज म्हणाली, "त्या रविवारी हे पडवीत येऊन मला म्हणाले होते, पोरीनं पाचही वेळा बरोबर ओळखलं. माझ्यापेक्षा पक्का कान आहे गं तिचा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! लोखंडातली केसाएवढी भेग तुम्ही कधी लपवली नाहीत. इंजिनिअर साहेबांच्या तोंडावर नापास म्हणायचात. आणि पोटच्या पोरीला, ती खणखणीत वाजत असताना, बद्द ठरवलंत? एका शेजाऱ्याच्या हसण्यासाठी? आपल्याकडे लोकांच्या बोलण्यावर हलणाऱ्या माणसाला कच्च्या कानाचा म्हणतात, बाबा. त्या घरात कच्च्या कानाचं माणूस एकच होतं, आणि ते तांदूळ निवडत नव्हतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं नाही, याचा मला तुमच्या मरणापेक्षा जास्त राग आहे.

इतकं लिहून झाल्यावर मघाशी वाटलं, तुमचा पत्ता असता तर आत्ताच्या आत्ता हे टपालात टाकलं असतं. पण नसतंच टाकलं. त्या संध्याकाळचं थोडं मी गाळलंय. चादर गुंडाळायच्या आधी तुम्ही चहाचं सांगायला आत गेला होतात. तेव्हा ते कारागीर वाकून हळूच मला म्हणाले, "बेटी, तू बोल. तेरे कान को कौनसी अच्छी लगी? तू बोलेगी तो मैं साईं से बात करूँगा." तुम्ही समोर नव्हतात. साहेबही नव्हते. कलकत्त्याच्या गिटारीबरोबर एक पेटी आली होती, आतून लाल मखमलीची, आणि ती हातात घेऊन रेडिओच्या दारातून आत जाणारी मी दोन दिवस डोळ्यांसमोर बघत होते. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि म्हणाले, "दूसरी, कलकत्तेवाली."