शर्टाच्या खिशातला सेल

बाबा,

मघाशी फोनवर बोलता बोलता तुम्ही शर्टाच्या खिशातल्या किल्ल्या वाजवल्यात आणि म्हणालात, "विजेरीचा जादा चार्जिंगचा सेलही इथेच आहे. वेष्टन जरा फाटलंय, पण मुलगीच सेल बनवते, मग मला कसली भीती?"

मुलगीच घाबरली, बाबा. कारखान्यात आम्ही पातळ पट्ट्यांची सुरळी करून पोलादी डबीत बसवतो. वरची टिकली तेवढी धन; बाकी सगळी डबी, तिच्याभोवतीची कडसुद्धा, ऋण. ती कड झाकतं ते फक्त वेष्टन. किल्ली टिकली आणि कड दोन्हींना टेकली तर शॉर्ट होऊन सेल पेटेल, आणि खिसा तुमच्या छातीवर आहे.

सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते.

तुमची धाकटी

ता.क. सकाळी राहवलं नाही, आईला फोन केला. तुम्ही झोपेत असतानाच तिने खुंटीवरच्या शर्टातून सेल काढून घेतला.