दुसरा केसपेपर

सातारा, मंगळवार, १९७४

छातीला जुळून जन्मलेल्या मुलींचा आज पाचवा दिवस. एक्स-रेत हृदयाची सावली एकच दिसते. वेगळं करता येणार नाही, हे त्यांच्या आजीला सांगितलं. दहिवडीची बाई. खाटेशेजारी पाचवी पुजत होती. सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद ठेवतात. हिने दोन ठेवले होते.

"दोन कशाला?"

"आवं डाक्टर, पोरी दोन हायत न्हवं?"

मी मात्र पाच दिवस एकाच केसपेपरवर लिहीत होतो. हृदय एक म्हणून? की सोय म्हणून? घरी निघताना दुसरा काढला. नाव ठेवलेलं नाही, वजन दोघींचं मिळून केलेलं. माझाही कागद कोराच राहिला.