कासव दिसलं तेव्हा धरलेला हात

आदरणीय व्याहीसाहेब साईनाथराव,

बाळकुमहून उत्तमचा सप्रेम जय भीम. आमच्याकडे सगळं ठीक आहे (मी पुढच्या खोलीत ठीक आहे, रंभा आतल्या खोलीत ठीक आहे). तुमची शुगर कशी आहे? क्रूझवरच्या जिन्यांनी विहीणबाईंचा गुडघा पुन्हा धरला नसेल, अशी आशा करतो. खरं तर फोनच केला असता, पण तुमचा फोन विहीणबाई स्पीकरवर टाकतात आणि आमचा रंभा टाकते. म्हणून हे पत्र मेघनाच्या हाती शहाडला पाठवतोय. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलंय. ती तुमची मुलगी असली तरी आता आमची सून आहे, तेव्हा तिच्यावर दोन्हीकडून संशय घ्यायला हरकत नाही.

आता लक्षद्वीपचं. तुम्ही म्हणाल, मीही तिथेच होतो, मला काय सांगता? पण साहेब, पाण्याखाली ज्याचं त्याला दिसतं, आणि मला तर माझंही दिसत नव्हतं. सम्यक-मेघनाने हौसेने आपल्या चौघांना क्रूझवर धाडलं, तेव्हा माझी कल्पना अशी की कठड्याला टेकून समुद्र बघायचा आणि घंटा झाली की जेवायला जायचं. सम्यकने "पप्पा, स्नॉर्केलिंगपण घेतलंय" म्हणून सांगितलं, तेव्हा तो जेवणातलाच एखादा प्रकार असेल असं समजून मी "जास्त तिखट नको" म्हणालेलो. त्यामुळे त्या सकाळी आपल्याला छोट्या बोटीत बसवून, अंगात नारिंगी जॅकेट आणि पायात बदकाचे पंजे घालायला लावले, तेव्हाच माझा गोंधळ सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे.

पहिलं म्हणजे त्यांनी माझा चष्मा काढून घेतला. मास्कच्या आत चष्मा बसत नाही म्हणे. चष्म्याशिवाय मला तुम्ही, विहीणबाई आणि बोटीचं इंजिन यात फारसा फरक दिसत नाही (राग नसावा). दुसरं म्हणजे श्वास. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात मी आयुष्यभर मास्क लावून काम केलं. तिथे सुपरवायझर ओरडायचा, नाकाने श्वास घ्या, तोंड बंद ठेवा. इथे तो शिकवणारा हर्षित तोंडात नळी देऊन ओरडतोय, तोंडाने घ्या, नाक विसरा! साठी उलटल्यावर माणसाने नाक कसं विसरायचं? तिसरं म्हणजे अंगठा. हर्षितने लांबून खुणेने विचारलं, ठीक ना? मी अंगठा वर केला. त्याने लगेच येऊन मला बोटीशी ओढत नेलं. मी पुन्हा पाण्यात गेलो, त्याने पुन्हा विचारलं, मी आणखी जोरात अंगठा वर केला, त्याने मला पुन्हा ओढलं. अंगठा वर म्हणजे "मला वर काढा", हे शेवटी तुम्हीच ओरडून सांगितलंत. तुम्ही उल्हास नदीत पोहायला शिकलेले, तुम्हाला ही भाषा येणारच.

मग मी एकदाचं डोकं पाण्यात घातलं. साहेब, काय सांगू! खाली निळं, पिवळं, काळं असं काहीतरी हलत होतं. मासे असावेत. घाबरून मी हात लांब केला आणि शेजारच्या नारिंगी जॅकेटने तो धरला. मला वाटलं, रंभा. कारण बोटीची शिडी उतरताना माझ्या शेजारी रंभाच होती. आम्ही तसेच हातात हात घालून तरंगत राहिलो. मग खालून एक मोठं, गोल, सावकाश असं काहीतरी गेलं, आणि कुणीतरी नळीतून "काऽऽव" असं ओरडलं, त्यावरून ते कासव असणार, असं मी समजलो. तेव्हा त्या हाताने माझा हात दोनदा दाबला. मीही दाबला. लग्न झाल्यापासून आम्ही असे कधी फिरलोच नव्हतो हो. मास्कच्या आत डोळ्यांत पाणी आलं (की समुद्राचंच शिरलं, तेही कळलं नाही).

वर आल्यावर चष्मा लावायच्याही आधी मी बोटीभर ऐकू जाईल असं म्हणालो, "रंभे, किती वेळ हात धरलास गं माझा!"

आणि बाकाच्या टोकावरून, गालात आवळासुपारी धरून बसलेल्या रंभाचा आवाज आला, "कुणाचा?"

ती पाण्यात एक पाय बुडवून तशीच वर आलेली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचं तुम्ही पाहिलंत. तुम्ही जॅकेट पिळत होतात आणि विहीणबाई समुद्राकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, अगं, गर्दीत चूक झाली, सगळे सारखेच दिसत होते. ती म्हणाली, "हात कुणाचा होता ते जाऊ द्या. माझा नव्हता हे तुम्हाला कळलं नाही, त्याचं काय?" परवा ती भाकऱ्या थापत होती, तर मीच म्हटलं, दे हात, बघू. पीठ लागलेला हात तिने पुढे केला. मी डोळे मिटून धरला. अंगठ्याशी भाजल्याचा जुना डाग, तळवा गरम. खरंच वेगळा होता, साहेब. ती हळूच म्हणाली, "आता कळलं?" तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पाण्यात हात जरा फुगतात ना." तेव्हापासून ती आतल्या खोलीत आहे, भाकऱ्या मात्र वेळेवर मिळतात.

बाकी भेटीत बोलू. माया आहेच, ती अशीच राहू द्या. विहीणबाईंना (हे पत्र न दाखवता) जय भीम सांगा.

तुमचा गोंधळलेला व्याही,
उत्तम

ता. क. मेघनाबरोबर सुकटीची चटणी पाठवलीय. डबा सावकाश परत करा.

ता. क. २. मुख्य काम असं. तो हात तुमचा होता, असं रंभाला एकदा फोन करून सांगाल का? म्हणजे ती निदान हसेल. सम्यक-मेघनाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी तुमचा हात ताडून बघणार होतो, पण प्रत्येक फोटोत तुम्ही दोन्ही हात मागे बांधून उभे आहात.

ता. क. ३. हात खरोखर तुमचाच असेल, तर मलाही कळवा, जीव भांड्यात पडेल. विहीणबाईंचा असेल, तर कृपया कळवू नका.