परसातली वाट

बाबा,

तुम्ही एकदा मला विचारलं होतंत, की विलायतेतली माणसं एका वाडीतून दुसऱ्या वाडीत कशी जातात. मी मालवणच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला तोंडवलीला आले होते आणि पडवीत बसून इंग्रजीच्या पुस्तकातलं एक चित्र तुम्हाला दाखवत होते. दगडी घरं, चर्चचं टोक, मागे हिरवे उतार. मी ऐटीत म्हटलं, मोटारीने. तुम्ही मान हलवलीत, पण पटलेलं दिसलं नाही. यंदा एप्रिलमध्ये मुलीकडे इंग्लंडला गेले तेव्हा कळलं, चालत जातात. लोकांच्या शेतातून.

एका रविवारी मुलगी मला बसने एका जुन्या गावात घेऊन गेली आणि तिथून पुढच्या गावापर्यंत आम्ही दोन-अडीच तास चाललो, माझ्या गुडघ्यांच्या बेताने. मधाच्या रंगाची घरं मागे पडली, लहानसं चर्च मागे पडलं आणि वाट सरळ कुणाच्या तरी शेतात शिरली. मी थबकले. मुलगी म्हणाली, चल आई, ही सगळ्यांची वाट आहे. शेताला आपल्याकडच्यासारखाच गडगा, दगडावर नुसते दगड रचलेला, आणि त्यात एक माणूस जाईल एवढं लाकडी फाटक. जमीन शेतकऱ्याची, पण पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट त्याला बंद करता येत नाही, असं ती सांगत होती. पुढे तर वाट एका घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालूनच जाते. आत एक म्हातारा बशा धुतोय. मी ओशाळून, नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत त्याची माफी मागते. तो हसतो. म्हणतो, माफी राहू दे, फाटक तेवढं लावून घ्या, कोकरं पळतात.

तिथे उभी असताना मला तुमची बोटं आठवली. मी अकरा-बारा वर्षांची असेन. किनाऱ्यावरची माणसं आपल्या परसातूनच रस्त्याला जात, मासळीवाल्या बायका, शाळेची पोरं, सगळीच. मी सकाळी अंगणातलं खळं सारवावं आणि टोपल्यांतून मासळीचं पाणी त्यावर ठिबकत जावं. एक दिवस रागाने मी गडग्यातल्या मोकळ्या जागेत बोरीच्या काट्या ओढून लावल्या. तुम्ही शेतावरून आलात, नुसत्या हातांनी काट्या उपसल्यात. बोटांतून रक्त आलं. मग म्हणालात, "ह्याच वाटेन तुझी आवस लगीन होवन इली. तिका पण काटे लावतलंस?" आई आतून हसली. मला मात्र रडू आलं, आणि दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही.

त्या दिवशी दुसऱ्या गावात पोचून आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात भावाचा फोन आला. तो परसात पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय, भोवती चिऱ्यांचं कंपाउंड. फोनवरून त्याने मला सगळं फिरून दाखवलं. गवंडी त्या मोकळ्या जागेपाशी पोचले होते. मे महिन्यात मी घरी गेले तेव्हा भिंत डोक्याइतकी उंच झाली होती, वाट बंद.

किनाऱ्यावरची, माझ्या बरोबरीची ती आठवते ना, मला पोहायला शिकवत होती म्हणून तुम्ही आम्हा दोघींनाही ओरडला होतात? ती अजून मासळी विकते. एक पाय ओढत चालते. आता तिला टोपली घेऊन अख्ख्या वाडीला वळसा पडतो. रस्त्यावर भेटली, तर टोपली उतरवून म्हणाली, "विलायतेक जावन इलंस मगे? आता तुमच्या परड्यात येवक माका पण पासपोर्ट होयो." मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, भावाला सांग, तो तुझं ऐकतो.

मी तिला म्हटलं, माझ्या हातात काही नाही गो. ते कागदोपत्री खरंही आहे. तुम्ही गेल्यावर वर्षभरात मी हक्कसोडपत्रावर सही केली. सगळ्याच बहिणी करतात. भावाचं घर भावाला राहतं आणि आपल्याला माहेर राहतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली, हात लाव. मी टोपली तिच्या डोक्यावर चढवली आणि ती वळशाच्या रस्त्याने गेली. मागून तिचा ओढलेला पाय पाहत मी कितीतरी वेळ उभी होते. त्या भिंतीतला एक चिराही मला आता हलवता येणार नाही.

पण बाबा, तिला मी अर्धंच सांगितलं. त्या दिवशी फोनवर भावाने मला विचारलं होतं. "बाय, गवंडी विचारता, थंयसर वाट सोडूची काय? तू सांग." पायांना लागलेला त्या दुसऱ्यांच्या शेतांतला चिखल अजून ओला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. त्याच्या आवाजात मला थोडी घाई वाटली, थोडी नाराजीही, कदाचित माझ्याच मनातली. मी म्हटलं, "तुका बरा वाटात तसा कर." मे महिन्यात मला चार दिवस माहेरी यायचं होतं.

तुमचा पत्ता अजून तोच आहे. तिथे टाकलं, तर हे पत्र भावाच्याच हातात पडेल.