पटामागचा दुसरा डाव

मामंजी,

पालघरच्या बुद्धिबळ स्पर्धेला मी आज येत नाही. माझं नाव काढून टाका. तुम्हाला हरवणारी मी नव्हतेच.

कॉम्प्युटरवर आपण खेळतो तो बुद्धिबळाचा खेळ एका वेळी एकदाच उघडतो. मी वेगळ्या नावाने त्याची नक्कल केली आणि आपल्या डावामागे ती लपवून उघडी ठेवायचे. तुम्ही झोपाळ्यावरून सांगितलेली चाल तिथे टाकायचे आणि कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर माझं म्हणून सांगायचे.

काल तुम्ही शेजारच्या आत्मारामकाकांना म्हणालात, "सून माझ्याहून हुशार निघाली." तेव्हा चहाचं निमित्त करून मी आत पळाले.

घिवलीला आईकडे जाते, संध्याकाळी येईन. बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. लाकडी पट काढून ठेवाल का? मला अजून घोडासुद्धा नीट चालवता येत नाही.

दमयंती